जिभेला न कळणारी तार

मन्मथप्पा लाइनमन तार चाटायचे. आधी हेच सांगते, कारण औशात त्यांची ओळखच ती होती. फोनच्या दोन तारा सोलायच्या, चिमटीत धरायच्या आणि दोन्ही टोकं जिभेच्या शेंड्याला लावायची. जीभ चुणचुणली की म्हणायचे, "जीव हाय." नाही चुणचुणली की, "मेली." ऑफिसनं दिलेला मीटर कमरेच्या पिशवीत असायचा, पण तो त्यांनी कधी बाहेर काढलेला मी पाहिला नाही. "मीटरची बॅटरी संपती, अक्का. जीभ कुटं संपती?"

एकदा आमच्या हॉलमध्ये तारा जिभेवर असतानाच लातूरच्या मावशीचा फोन आला. घंटी वाजवणारा करंट मोठा असतो. अप्पा असे उडाले की टोपी एकीकडे आणि पक्कड दुसरीकडे. आम्ही सगळे घाबरलो, आणि हे आपले जीभ धरून बोबडं ओरडतायत, "फोन घ्या पयला! फोन घ्या!" आता घ्या म्हणजे कसा घ्या, तारा तर यांनीच सोडवून ठेवलेल्या.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, सायकलच्या दांड्याला बांधलेली बांबूची शिडी. दार वाजवायचे नाहीत. गल्लीतूनच हाक यायची, "अक्का, लाइनमन!" मूळचे निलंग्याकडचे, म्हणून बाईमाणूस दिसलं की अक्का. काम संपल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. आणि माणसांना ते नावानं ओळखायचेच नाहीत. जुन्या एक्स्चेंजचे तीन आकडी नंबर त्यांच्या डोक्यात बसले होते ते बसलेच. शाळेचे हेडमास्तर एकशे बारा, आमचे वडील दोनशे सात. वडील गेले तेव्हा अंगणात उभे राहून शेजाऱ्यांना म्हणाले, "दोनशे सात गेले. लई हळू बोलायचे फोनवर. कधी कुणावर आवाज चढवलेला ऐकला न्हाई म्या." त्या दिवशी घरी शंभर माणसं येऊन गेली, काय काय बोलून गेली. माझ्या लक्षात हेच राहिलं.

त्यांचा नियम एकच होता. जिवंत तार तोडायची नाही. किल्ल्याच्या बाजूला एक म्हातारी राहायची, मुलगा फौजेत. रविवारी त्याचा फोन यायचा, तेवढ्यासाठी तिनं फोन घेतलेला. कुणी बडा पाहुणा विश्रामगृहावर चार दिवस येणार होता आणि तिकडे द्यायला मोकळा पेअर नव्हता. पेअर म्हणजे एकेका घराला जाणारी दोन तारांची जोडी. साहेब म्हणाले, म्हातारीचा पेअर काढा आणि तिकडे जोडा, चारच दिवसांचा प्रश्न आहे. अप्पा म्हणाले, "त्यात रविवार येतो, साहेब." एवढंच बोलले आणि तोडला नाही. हुकूम मोडला म्हणून बदली झाली ती थेट भोकरला, तीन वर्षं.

त्या तीन वर्षांत बायको इथं औशात एकटी. आणि सांगितलं तर खोटं वाटेल, गावभर फोन जोडणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी फोन नव्हता. तिला झटका आला तो निरोप एसटीच्या कंडक्टरांच्या तोंडून आधी लातूर, मग नांदेड, मग भोकर असा दीड दिवसानं पोचला. अप्पा आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आमच्या आईनं सांगितलं. त्या म्हातारीचा पेअर अप्पा भोकरला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी साहेबांनी तोडवला, हेही आईनंच सांगितलं. मग या सगळ्याचा उपयोग काय झाला, असं मी विचारलं. आई म्हणाली, "त्याच्या हातानं तुटला नाही, एवढाच." मला तेव्हा तो शुद्ध मूर्खपणा वाटला होता.

आता माझं. मी तापट आहे आणि माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्खं माहेर जाणतं. नांदेडला असताना मी हैदराबादच्या एका कंपनीचं काम करायचे. डॉक्टर इंग्रजीत बोलून ठेवतात, ते ऐकून टाइप करायचं. आई अंथरुणाला खिळली म्हणून मी औशाला परत आले. कंपनी म्हणाली, घरून करा, पण संध्याकाळी सहाच्या आत फाइल आली नाही तर काम दुसऱ्याला. आमच्या गल्लीत मोबाइलचं नेटवर्क म्हणजे नावाला. गच्चीवर पाण्याच्या टाकीला चिकटून उभं राहिलं तर एखादा मेसेज जायचा, तेवढंच. फायबर, म्हणजे ती काचेची तार, तेव्हा बसस्टँडच्या अलीकडे आली नव्हती. राहिली वडिलांच्या फोनची जुनी तांब्याची तार. मी ठरवलं, तिच्यावरून नुसतं इंटरनेट घ्यायचं. फोन नको. आईला ऐकू येत नव्हतं आणि माझ्या कानात दिवसभर डॉक्टर.

ऑफिसातला बाबू माझ्याकडे बघतच राहिला. "फोन नको? मग फोनच्या ऑफिसात कशाला आलात?" त्याच्या फॉर्मवर तसा रकानाच नव्हता. मी तासभर भांडले. माझ्या मागे मन्मथप्पा कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. ते तेव्हा निवृत्त झाले होते, पण कंत्राटदारानं त्यांनाच परत कामावर घेतलं होतं, कारण जमिनीखालची केबल कुठून कुठं गेली याचा नकाशा ऑफिसात नव्हता, तो यांच्या डोक्यात होता. म्हणाले, "साहेब, नळ त्यांचा, पाणी त्यांचं. प्यायचं का धुणं धुवायचं, ते त्या बघतील की. द्या जोडून." बाबूनं हसत अर्ज घेतला.

दुसऱ्या दिवशी आले ते आधी घरभर फिरले. वडिलांनी हौसेनं एकाच तारेवर तीन फोन बसवले होते. एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक वर भावाच्या खोलीत. जागोजागी त्यांनी स्वतः मारलेले जोड आणि वर चिकटपट्टी. अप्पा एकेक जोड उघडायचे आणि नाक मुरडायचे.

"दोनशे सात माणूस चांगला, पण जोड मारायची अक्कल न्हाई. हे बगा अक्का, नुसतं बोलायचं तर फाटे फुटले तरी भागतं. इंटरनेटला भागत न्हाई. शेतात पाण्याच्या दंडाला मधेच दोन जागी फोडलं तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचंल का?"

दुपारपर्यंत त्यांनी दोन्ही फाटे काढून टाकले. भिंतीतली जुनी वायर ओढून काढली आणि दारावरच्या हुकापासून माझ्या टेबलावरच्या मोडेमपर्यंत एकच सलग वायर आणली, मधे एकही जोड नाही. मोडेमबरोबर एक पांढरी डबी आली होती, फोन आणि इंटरनेट वेगवेगळं करणारी. ती माझ्या हातात दिली. "बोलणारंच कोणी न्हाई तर वेगळं कुणाला करायचं? ठिवा कपाटात."

मग सवयीनं तारा जिभेला लावल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "मेली." सायकल घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेले. तिथं लोखंडी कपाट होतं, पिलर म्हणायचे त्याला, सगळ्या गल्लीचे पेअर त्यात यायचे. परत आले. "तिकडून बराबर जोडली हाय, अन् हितं जीव न्हाई."

मी त्यांना मोडेम दाखवला. हिरवा दिवा स्थिर होता. फोन असला की एक्स्चेंज त्या तारेत थोडी वीज सोडून ठेवतं, तीच जिभेला लागते आणि तिच्यामुळेच कानाला टोन ऐकू येतो. नुसत्या इंटरनेटच्या तारेत ती नसते. मी हे कुठंतरी वाचलं होतं, ते त्यांना सांगितलं. ते खुर्ची ओढून दिव्यासमोर बसले.

"चौतीस वर्सं जिभेवर इस्वास ठिवला, अक्का. अन् आता ही तार जिती हाय तरी मला कळंना." पुढे म्हणाले, "उद्या कुणीबी येईल, टोन बघंल, टोन न्हाई म्हनंल, अन् खाली पेअर हाय समजून दुसऱ्याला देऊन टाकंल." मग पिशवीतून पत्र्याचा तुकडा काढला आणि खिळ्यानं त्यावर कोरलं, 'जिवंत आहे. तोडू नये. २०७.' तो पिलरमध्ये आमच्या पेअरला तारेनं बांधून आले, आणि मगच पाणी प्यायले.

जाताना आणखी एक गोष्ट सांगितली. "कधी बंद पडलं तर मला सांगा. काम्पुटरवर तक्रार टाकू नका. तक्रार पडली की माझ्या नावावर पडती. म्हैन्यात तीन पडल्या की कंत्राटदार घरी बसवतो. घरी बसून मी काय करू, अक्का? घरात हाय कोण?"

हे त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. मला माहीत होतं.

दीड वर्ष तार कधी हलली नाही. दर पंधरा दिवसांनी गल्लीतून हाक यायची, "अक्का, चालू हाय का?" गल्लीतल्या बाकीच्या तारा ते पिलरवरच चाटून बघायचे. माझी तेवढी त्यांना चाटून कळत नव्हती, म्हणून घरी येऊन विचारायचे. मी आतूनच ओरडायचे, "चालू हाय!" कधीकधी कामात असले तर वैतागायचे. चालू असतं तर असतं, सारखं काय विचारायचं!

मग रस्ता रुंद झाला. जुना पिलर काढून नवा बसवला. ते काम लातूरहून आलेल्या माणसांनी केलं आणि नेमके तेव्हा अप्पा थोरल्या भावाच्या दिवसांना निलंग्याला गेले होते. जुन्या पिलरबरोबर तो पत्र्याचा तुकडाही भंगारात गेला. लातूरच्या माणसांनी टोन बघितला, आमच्या पेअरवर टोन नाही, म्हणजे तो खाली, कुणाचाच नाही. कोपऱ्यावर नवा बाळंतपणाचा दवाखाना झाला होता, त्याला फोन हवा होता. दिला जोडून. झालं अगदी अप्पा म्हणाले होते तसंच.

मोडेमचा दिवा लाल. गच्चीवरून अप्पांना फोन लावला तर लागेना. संध्याकाळ झाली, फाइल गेली नाही. मी गच्चीवर टाकीजवळ उभी राहून तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आपल्याकडे फोन जोडलेला नाही, टोन तपासता येत नाही, तक्रार बंद केली आहे. मी काय भडकले! उंटावरून शेळ्या हाकणारे लेकाचे! तशीच दुसरी टाकली. तीही बंद.

चौथ्या दिवशी अप्पा परतले आणि घरीसुद्धा न जाता सरळ पिलरवर गेले. घरी आले तेव्हा तोंड पडलेलं होतं. "तुमचा पेअर दवाखान्याला गेला, अक्का."

"मग काढा तिथून आणि द्या माझा मला!"

"तिथं बाळंतिणी येतात. फोन चालू झालाय त्यांचा. जिती तार हाय."

"आणि माझी मेलेली होती का?" मी ओरडले. ऐकू न येणारी आईसुद्धा आत दचकून उठली असावी, एवढ्या मोठ्यानं. "माझी नोकरी चालली, अप्पा! तुमचा नियम घेऊन काय चाटू मी?"

असं म्हणाले मी. हाच शब्द वापरला.

अप्पांनी सायकल वळवली. "दोन दिवस द्या. दुसरा पेअर काढतो."

पहिल्या दिवशी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना मागच्या आळीत बघितलं. सायकल भिंतीला टेकवलेली आणि हे एका ओट्यावर उभे राहून कुणा बाईशी बोलतायत. इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि ह्यांच्या गप्पा चाललेल्या! त्याच संध्याकाळी हैदराबादहून निरोप आला, इतके दिवस तुमचं काम दुसऱ्यांना दिलं, उद्या शेवटचा दिवस. मी गच्चीवर गेले. मला माहीत होतं ही तिसरी. बोट क्षणभर थांबलं, खोटं कशाला सांगू. मग मी दाबलं.

सकाळी नऊ वाजता गल्लीतून हाक आली, "अक्का, लाइनमन!" मागच्या आळीच्या जुन्या केबलमधून त्यांनी पेअर काढला होता. त्या केबलमध्ये अकरा पेअर असे होते की ज्यांच्यावर टोन नव्हता, जिभेलाही काही लागत नव्हतं. एरवी त्यांनी त्यातला एक डोळे मिटून उचलला असता. "पण तुमच्या तारेनं शिकवलं न मला. म्हून अकराबी घरी जाऊन इचारलं, बाबांनो, तुमची चालू हाय का बंद हाय? दोन घरं कुलपात. ती माणसं येईस्तोवर थांबावं लागलं. त्यात दोन दिवस गेले."

बोलत बोलत ते शिडीवर चढले होते. वायर हुकात अडकवताना, शिडीवर रेंज मिळून, त्यांच्या खिशात फोन वाजला, कंत्राटदाराचा. एका हातानं कानाला लावला. "हाव साहेब. हाव. बरं. न्हाई, बोलायचं काय त्यात? येवढं जोडून उतरतो." खाली उतरले, आत येऊन दिवा हिरवा झालेला बघितला. पाणी मागितलं, प्यायले. मग म्हणाले, "तुमच्या मोबाइलवर कोड आला असंल. तक्रार बंद करायचा. तेवढा सांगा. उघडी ठिवून जाऊ नये."

मी गच्चीवर जाऊन कोड बघितला आणि खाली येऊन सांगितला. सायकलला शिडी बांधून ते गेले. माझी फाइल साडेतीनला पोचली आणि नोकरी वाचली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी दिली. दोन दिवसांनी लातूरला कंत्राटदाराच्या ऑफिसात जाऊन मी आकांडतांडव केलं. चूक त्यांची नव्हती, पिलर बदलणाऱ्यांची होती, मी तक्रार मागे घेते, लिहून देते. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, तक्रार तर बंद झालीय. कोड तुम्हीच दिलाय." मग मी अप्पांच्या घरी जायला हवं होतं. गेले नाही. कामं होती, आईचं होतं, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं कारण लाज.

आठ महिन्यांनी फायबर आमच्या गल्लीत आलं. कंपनीला वेग हवा होता. मी घेतलं. ज्या तारेपायी एका माणसाला मी घरी बसवलं, तिचा मोडेम फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. वायर काढली नाही. दारावर तशीच लोंबत राहिली.

मागच्या उन्हाळ्यात जमिनीतली तांब्याची केबल काढायचं काम निघालं. तांबं भंगारात विकायचं होतं. चार माणसं आमच्या गल्लीच्या तोंडाशी खणत होती. दहाच्या सुमारास हाक आली, तीच.

"अक्का, लाइनमन!"

मी दार उघडलं. अप्पा वाळले होते. शिडी नव्हती, पिशवी नव्हती, सायकलही नव्हती. विभूती मात्र तशीच. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ती माणसं केबल कापत होती आणि हे सकाळपासून प्रत्येक पेअर जिभेला लावून बघत होते, कुणी अजून त्यावर आहे का म्हणून.

"बाकी सगळ्या मेल्यात," ते म्हणाले. "तुमची जिभेला कळत न्हाई. म्हून आलो. चालू हाय का?"

मला सांगता आलं असतं. अप्पा, ती मी कधीच बंद केली, आत या, चहा घ्या. त्या वाक्याच्या मागे दुसरं वाक्य यायला हवं होतं, तिसरी तक्रार मीच टाकली, हे. त्यांना ते माहीत असणारच. मला तोंडानं म्हणता येईना. माझ्या या जिभेला, जी कुणाला म्हणून सोडत नाही, तेवढं एक जमेना.

"चालू हाय, अप्पा," मी म्हणाले.

त्यांचं तोंड उजळलं. "बरं झालं इचारलं," असं म्हणून भराभरा चालत गेले. पाणीही मागितलं नाही, म्हणजे काम अजून संपलं नव्हतं.

मी गच्चीवर गेले. खड्ड्याच्या कडेला ते उभे होते, मुठीत दोन तारा धरून. एक जण टोन बघायचं यंत्र लावत होता. "टोन न्हाई, बाबा. सोडा."

"हिला टोन नसतो."

"मग चालू हाय कशावरून?"

"घरी जाऊन इचारून आलो आत्ता. बाई खोटं कशाला बोलतील?"

माणसं हसली. एक जण कटर घेऊन त्यांच्याभोवती फिरला, म्हाताऱ्या माणसाच्या हातावर कटर कसा चालवायचा म्हणून थांबला, आणि बाकीचे बिड्या ओढायला सावलीला गेले. ऊन चढत होतं. अप्पांनी मूठ सोडली नाही, आणि मी टाकीजवळून हाक मारली नाही.